‘सही आणून देतो’

जुनी मोटार विकत घेताना काय काय पाहून घ्यावं, हा बायकांच्या त्रैमासिकाचा विषय आहे का, असं कोणी विचारील. माझ्या मते आहे. घर, शेतजमीन, स्त्रीधन, पगार यांच्यावर आपण पुष्कळ बोललो, शिबिरं घेतली, पुस्तिका काढल्या. वाहन तेवढं राहून गेलं. वास्तविक आज कितीतरी कुटुंबांत घराच्या खालोखाल किमतीची वस्तू तीच असते. आणि बाईचा तिच्याशी संबंध काय, तर मागच्या सीटवर बसायचं, नाहीतर कागदावर नाव असायचं. या दुसऱ्या संबंधाबद्दल मला लिहायचं आहे. सोलापुरात नवी पेठेत एक पन्नास वर्षांची मोटार बघायला मी एका मैत्रिणीबरोबर तीनदा गेले, त्यावरून हे सारं सुचलं.

मोटार प्रीमियर पद्मिनी, १९७४ सालची. सोलापूरकरांना या गाडीचं थोडं कौतुक असायला हरकत नाही, कारण ती ज्या कंपनीची, तिचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. १८८२ चा त्यांचा जन्म. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात करून हा माणूस जहाजं, विमानं आणि मोटारींपर्यंत गेला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये ते वारले, आणि पुढच्याच वर्षापासून तिथं इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तयार व्हायला लागली. तीच पुढं १९७३ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. दोन हजार सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळीपिवळी म्हणून लोक तिला ओळखतात. त्यातली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी अगदी घरचं माणूस गेल्यासारखे लेख लिहिले.

नावाची एक गंमत सांगते. प्रेसिडेंटची पद्मिनी झाली म्हणजे राष्ट्राध्यक्षाची राणी झाली, तीही चितोडची, जिचं रूप पाहण्यावरून युद्ध झालं अशी दंतकथा आहे. मोटारीला बाईचं नाव देताना कारखानदाराच्या डोळ्यासमोर चालवणारी कोण होती, हे वेगळं सांगायला नको.

तर माझी ही मैत्रीण. तिला मी अक्का म्हणते. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. नवी पेठेच्या एका बोळात तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, दोन मशिनी, एक मुलगी हाताखाली. बऱ्याच वर्षांपूर्वी ती आमच्या सल्ला केंद्रात स्वतःची केस घेऊन आली होती. आता दुसऱ्यांच्या केसमध्ये माझ्या शेजारी बसते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती मोटार चालवायला शिकली. आणि गेल्या वर्षी म्हणाली, “मला ती जुनी फियाट घ्यायची हाय.” का, तर लहानपणी आई विड्या द्यायला कारखान्यात जायची तेव्हा ही बरोबर असायची, आणि कारखानदाराची पांढरी पद्मिनी फाटकातून बाहेर निघताना या दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. बास, एवढंच कारण.

यावर घरच्यांनी ‘त्यापेक्षा सोनं घे’ म्हटलं ते ठीक. पण आमच्या कार्यकर्त्यांतही नाकं मुरडली गेली. पेट्रोल केवढ्याला झालंय, ही कसली चैन, आपल्या बायकांपुढं हा काय आदर्श. मला हा आक्षेप मान्य नाही. तीस वर्षं शिलाई करून साठवलेल्या पैशांतून बाईनं फ्रीज घेतला, मुलाला मोबाईल घेतला, नणंदेच्या लग्नात आहेर केला तर तो संसार, आणि स्वतःला हवी ती वस्तू घेतली तर चैन? पुरुषाच्या हौसेला छंद म्हणतात. बाईला हौस असूच नये, असली तर ती साडीपुरती असावी, हे आपणही मनातून धरून चाललोय की काय, असं त्या दिवशी वाटलं.

मला मोटारीतलं थोडं कळतं, ते वडिलांमुळं. ते एसटीच्या वर्कशॉपात होते. रविवारी शेजारपाजारच्या गाड्या दारात उभ्या असायच्या. पान्हा भावाच्या हातात आणि बॅटरी धरायचं काम माझं. पण बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसत असतं, हे बहुधा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाऊ आता बँकेत आहे, त्याला साधा प्लग काढता येत नाही.

गाडी एका दुकानदाराच्या मागच्या गोडाऊनमध्ये उभी होती. नवी पेठेत दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथं ही राणी अंगावर ताडपत्री घेऊन ऐसपैस बसली होती. आम्ही गेलो तशी मालकांनी पहिला प्रश्न विचारला, “बरोबर कोण आलंय?” आम्ही दोघी समोर उभ्या. गाडी चालवून बघायला म्हणून ओळखीच्या गॅरेजमधला एक पोरगा आणला होता, बावीस वर्षांचा. तो दिसल्यावर मालकांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर प्रश्न अक्का विचारी आणि उत्तर त्या पोराला मिळे. “ऑइल केव्हा बदललं?” असं अक्कानं विचारलं तर मालक त्याच्याकडं बघून म्हणतात, “आत्ताच दिवाळीत टाकलंय, दादा.” पैसे अक्काच्या पिशवीत आहेत हे त्यांना ठाऊक होतं. वागणूक उर्मट नव्हती. चहा आला, पंखा लावला. फक्त आम्हाला यंत्रातलं काही कळत असेल ही शक्यता त्यांच्या मनात आली नाही.

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करून ठेवलेलं. जुनी गाडी पाहायची तर ती थंडच पाहायची, हा पहिला नियम. गरम इंजिन झटक्यात चालू होतं आणि आपली दुखणी लपवतं. आम्ही त्या दिवशी फक्त चहा घेतला आणि दोन दिवसांनी, न कळवता, सकाळी सातला गोडाऊनच्या दारात उभ्या राहिलो.

त्या सकाळी आम्ही जे पाहिलं ते जरा सविस्तर लिहिते, कुणा मैत्रिणीला उपयोग होईल.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. खालचा पत्रा आणि वरचं अंग मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळं दरवाज्याखालची पट्टी, पायाखालचा फ्लोअर, चाकांवरच्या कमानी आणि डिकीत स्टेपनीखालचा खळगा, इथं गंज धरला असेल तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच पोखरलेला असतो. रंग कितीही चकचकीत असो, पायाखालची मॅट उचलून बघायचीच. अक्कानं ब्लाउजच्या सुया उचलायचा चुंबक आणला होता. तो तिनं एका फडक्यात गुंडाळून दरवाज्याच्या खालच्या भागावरून फिरवला. जिथं पत्रा आहे तिथं चिकटतो. जिथं पत्रा सडला आणि वर लांबी भरून रंग मारलाय तिथं घसरतो. डावीकडच्या मागच्या दरवाज्याखाली वीतभर जागेत तो घसरला. ड्रायव्हरच्या सीटपुढं मॅटखाली रुपयाएवढं भोक निघालं, त्यातून गोडाऊनची फरशी दिसत होती. तरी सोलापूरची हवा कोरडी, म्हणून एवढ्यावर भागलं. मुंबई-कोकणातली गाडी असती तर याहून वाईट असती. आपल्याकडं दुखणी वेगळी. रबरं उन्हानं तडकतात, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतून ओतून आत क्षार धरतो. थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहायचं. चहासारखं तांबडं दिसलं तर समजायचं. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर असला तर इंजिनात पाणी शिरतंय.

मग चोक ओढून इंजिन चालू केलं. धूर बघायला मी मागं उभी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू करताना भसकन येऊन थांबला तर खर्च आटोक्यात, पण गाडी पळतानाही येत राहिला तर इंजिन काम मागतंय. काळा धूर कार्बोरेटरचा, तो दुरुस्त होतो. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल तर पुन्हा पाण्याची शंका. आमच्या पद्मिनीनं निळा धूर काढला आणि मिनिटाभरात थांबवला. १०८९ सीसीचं हे इंजिन साधं आहे, त्याची कामं करणारी माणसं अजून आहेत, सुटे भाग मिळतात. स्टिअरिंग धरून हलवलं तर चाक वळायच्या आधी बराच खेळ होता. पुढच्या किंगपिनना ग्रीस मिळालेलं नव्हतं, ते चाक वर उचलून हलवल्यावर कळलं. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली असते, ती चारही गिअरमध्ये टाकून पाहिली. ब्रेक दाबून धरला तर पेडल हळूहळू खाली जात नाही ना, हे पाहिलं. आणि शेवटी चेसिस नंबरच्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतला. आरटीओतले एजंट हेच करतात. इंजिन नंबरही उतरवून घेतला. जुन्या पद्मिन्यांना मधल्या काळात पुष्कळांनी दुसरी, डिझेलची इंजिनं बसवली. कागदावर एक आणि गाडीत दुसरं असलं तर पुढं सगळंच अडतं.

हे सगळं चालू असताना गोडाऊनच्या दारात चार-सहा माणसं जमली होती. एक जण म्हणाला, “बायका गाडीखाली घुसायल्यात, बगा.” मला तेव्हा बर्था बेंझ आठवली. मोटारीचा जनक म्हणून आपण शाळेत कार्ल बेंझचं नाव शिकतो, १८८६ चं पेटंट त्याच्या नावावर आहे. पण त्याच्या कारखान्यातला भागीदार त्रास देत होता तेव्हा त्याला बाजूला करायला पैसा आला तो बर्थाच्या हुंड्याच्या रकमेतून, लग्नाच्याही आधी. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती तीच मोटार चालवत मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत नळी तुंबली ती हॅटच्या पिनेनं साफ केली, उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला, ब्रेकला वाटेतल्या चांभाराकडून चामडं लावून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारयात्रा ती, आणि रस्त्यातली पहिली दुरुस्तीसुद्धा. पैसा तिचा, परीक्षा तिची, नाव त्याचं.

इथं आमच्या गाडीच्या बाबतीत उलटं निघालं. नाव बाईचं होतं.

तिसऱ्या फेरीत आम्ही कागद मागितले. जुनं आरसी बुक, कडा झिजलेल्या, आतली पानं पिवळी. त्यावर पहिल्या मालकाचं नाव खोडून १९८६ साली दुसरं नाव घातलेलं, आणि ते एका बाईचं. “ही कोण?” अक्कानं विचारलं. “आई,” मालक म्हणाले. “वर असती. गुडघ्यामुळं खाली येत नाही. तुम्ही फॉर्म ठेवून जावा, सही आणून देतो.”

‘सही आणून देतो.’ हे शब्द मी गेल्या दहा-बारा वर्षांत किती वेळा ऐकले असतील. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही आणून देतो. कर्जाच्या कागदावर बायकोची सही आणून देतो. सरपंचबाईंची सही त्यांचे यजमान आणून देतात. बाई सोडून तिची सही हिंडत असते. आणि आपण घेणाऱ्याच्या बाजूला असलो की आपल्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. काम झाल्याशी मतलब. आजवर आपण या प्रश्नाकडं ज्या बाईची सही जाते तिच्या बाजूनं पाहिलं. ती सही जो हातात घेतो, त्याच्यावर, तिच्यावर काही जबाबदारी आहे की नाही? मी म्हणते, आहे. अक्काही तेच म्हणाली, माझ्याआधी. “आम्हीच वर येतो की,” म्हणून तिनं चप्पल काढली आणि जिना चढायला लागली.

वर काकू पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. पंचाहत्तरीच्या असाव्यात. आम्ही कशासाठी आलोय हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “ती गाडी हाय अजून?” त्यांच्या समजुतीनं ती केव्हाच भंगारात गेलेली होती. कोणी त्यांना खोटं सांगितलं होतं असं नाही. कोणी काहीच सांगितलं नव्हतं. मग एकेक निघालं. गाडी त्यांच्या नावावर का, तर तेव्हा यजमानांच्या धंद्यावर कर्ज होतं, त्यांच्या नावावर काही ठेवायचं नव्हतं. पैसे कमी पडले तेव्हा काकूंच्या पाटल्या मोडल्या. त्या गाडीतून त्या तुळजापूरला जाऊन आल्या, पंढरपूरला गेल्या, दोन बाळंतपणांना दवाखान्यात गेल्या. पुढच्या सीटवर किती वेळा बसलात, असं अक्कानं विचारलं. काकू हसल्या. पुढं यजमान, आणि शेजारी त्यांचे भाऊ नाहीतर मुनीम.

आता कायद्याचं बघू. मोटार वाहन कायद्यात मालक कोण, तर ज्याच्या नावानं वाहन नोंदलेलं आहे तो. वाहन विकलं की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्यासाठीच. हे केलं नाही आणि गाडी तशीच हातोहात फिरली तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की, गाडी पुढं तीन-चार हातांत गेली असली तरी कागदावर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विमा नसलेली ती गाडी उद्या कोणी भलत्यानं कोणावर घातली असती, तर नोटीस आली असती गुडघ्यानं बसलेल्या या काकूंना, ज्यांना गाडी अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. फायदा कोणाचा, चावी कोणाची, आणि जबाबदारी कोणाची बघा.

बाईच्या नावावर करणं म्हणजे बाईला देणं नव्हे, हे आपण नव्वदच्या दशकात लक्ष्मीमुक्तीच्या वेळी बोललो होतो. शेतकरी संघटनेच्या आवाहनावरून हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे बायकोच्या नावावर केले, ते मोठंच काम होतं. पण पिकाचा पैसा कोणाच्या हातात येतो हा प्रश्न तेव्हाही शिल्लक होता. २०२१ पासून राज्य सरकार बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट देतं. नावं वाढतील, वाढायलाच हवीत. पण नाव हे पहिलं पाऊल आहे, आणि आपल्याकडं पुष्कळदा तेच शेवटचं ठरतं. मोटारींच्या बाजारात तर बाईचं नाव विक्रीसाठी वापरतात. ‘लेडीजच्या नावावर आहे’, ‘लेडीज हँड गाडी’ असं सांगून भाव वाढवतात. म्हणजे जपून वापरलेली. ती लेडीज कुठं आहे, असं मात्र कोणी विचारत नाही.

उलट बाजूही केंद्रात रोज दिसते. लग्नात मुलीच्या बापानं दिलेली गाडी जावयाच्या नावावर. हुंडाबंदी कायद्यातच तरतूद आहे की, हुंडा म्हणून जे घेतलं ते तीन महिन्यांच्या आत बाईच्या नावे करायला हवं. प्रतिभा रानीच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, सासरचे फक्त सांभाळणारे, असं सांगितलं. पण मुलगी घराबाहेर पडते तेव्हा दागिन्यांची यादी आपण करतो, भांड्यांची करतो, आणि दारात उभी असलेली मोटारसायकल, मोटार यादीत लिहायला विसरतो, कारण ती ‘त्याची’ आहे असं तिलाच वाटत असतं.

काकूंना गाडी ठेवायची नव्हती. “विका की. मला काय करायची. पण किती आले ते मला कळू द्या,” एवढंच त्या म्हणाल्या. अक्कानं सांगितलं, पैसे चेकनं देणार आणि चेक काकूंच्या नावानं. इथं खरी अडचण निघाली. काकूंचं स्वतःचं खातं नव्हतं. यजमानांबरोबरचं होतं ते त्यांच्यामागं बंद झालेलं. नवीन खातं काढायचं तर आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा. आरटीओचं कामही आता बरंचसं ऑनलाइन झालंय, ओटीपीवर चालतं. पूर्वी सहीसाठी निदान कागद घेऊन बाईपर्यंत जावं लागे, अंगठा तरी तिचा लागे. आता ओटीपी मुलाच्या खिशात वाजतो. सोय झाली हे खरंच, काकूंसारख्या जिना न उतरणाऱ्यांची तर फारच. पण पुढं ‘सही आणून देतो’ म्हणायचीसुद्धा गरज उरणार नाही, याकडं आपल्या संघटनांचं अजून लक्ष गेलेलं नाही. आधारला आणि वाहनाला बाईचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे का, हे तपासायचं काम आपण वस्तीवस्तीत काढायला हवं.

मालक वैतागले. “आमच्या घरात तुम्ही भांडण लावायला लागलाय,” असं मला म्हणाले. मला त्यांना खलनायक करायचं नाही. आईचं औषधपाणी ते करतात, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे बाजूला काढताहेत. आईचे पैसे आणि आपले पैसे वेगळे असतात हेच त्यांना कधी कोणी दाखवलं नव्हतं. काकूंनाही नाही. अशा चांगल्या घरांतच हे काम अवघड जातं. मारझोडीच्या घरात निदान भांडण कोणाशी आहे ते कळतं.

तीन आठवडे गेले. खातं निघालं, मोबाईल काकूंच्या नातीनं घेऊन दिला. मालकांनी १ लाख ४० हजार सांगितले होते. फ्लोअरचं वेल्डिंग, दरवाज्याखालची पट्टी, किंगपिन आणि इंजिनचं काम धरून अक्कानं एका कागदावर हिशेब मांडला, तो त्या पोराला न देता मालकांच्याच हातात दिला, आणि १ लाख १० हजारांवर आणलं. बोलणी मालकांशी झाली, पण आकडा ठरवताना काकूंना विचारलं गेलं. त्यातले किती त्यांच्याकडं राहिले, हे मी विचारायला गेले नाही. तो आता त्यांचा प्रश्न.

अक्कापुढं आणखी एक निवड होती. २०२१ च्या नियमांप्रमाणं ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नाहीतर साधी नोंदणी ठेवायची, दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १० हजार. हौशी लोकांनी अक्काला विंटेजचाच सल्ला दिला, भाव वाढतो म्हणून. ती म्हणाली, “शोकेसमधी ठेवायला घेतली का मी?” साधी नोंदणी कायम ठेवली. तीन अक्षरी जुना नंबर तोच आहे, खाली नाव तेवढं बदललं. आता ती दुकानाचं कापड आणायला गाडी घेऊन जाते आणि नवी पेठेत पार्किंगवरून भांडते.

या प्रकारानंतर आमच्या केंद्रात नोंदणीच्या अर्जात आम्ही एक रकाना वाढवला. घर कोणाच्या नावावर, शेत कोणाच्या नावावर, याच्याखाली ‘घरातली वाहनं कोणाच्या नावावर? चावी कोणाकडे? मोबाईल नंबर कोणाचा जोडलेला?’ बऱ्याचजणी पहिल्याच प्रश्नाला थांबतात आणि म्हणतात, “विचारून सांगते.” तेव्हा त्यांना आम्ही सरकारचं एमपरिवहन हे ॲप काढून देतो. गाडीचा नंबर टाकला की मालकाच्या नावाची काही अक्षरं दिसतात, विम्याची तारीख दिसते. स्वतःच्या नावाची अक्षरं ओळखायला तेवढी पुरतात.